एकच स्टड दोन वर्षांत तीनदा तुटला: तुटलेला बोल्ट काढताना, आणि काढून झाल्यावर

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून मासळी भरून रात्री आंबा घाटाने कोल्हापूर गाठणारी एक डिझेल पिकअप माझ्याकडे कामाला येते. चार सिलिंडर, टर्बो, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हेडमधून येणारा धूर गोळा करणारा नळ) बिडाचं. मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारे आठ स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, सगळे ८ मिलिमीटरचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. त्यातला आठवा, म्हणजे केबिनच्या भिंतीकडचा सगळ्यात मागचा, दोन वर्षांत तीनदा तुटला. तिन्ही वेळा वेगळ्या जागी तुटला आणि तिन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने काढावा लागला. त्यात एक चूक माझी आहे, तीही सांगतो.

आधी लक्षण. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिक्-टिक् आवाज येतो, अगदी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ढिले झाल्यासारखा. गाडी पाच-दहा मिनिटं चालली की आवाज गायब. बरेच जण इथे फसतात आणि टॅपेट सेट करून घेतात. मॅनिफोल्ड तापून फुगला की हेडला चिकटतो आणि फट बुजते, म्हणून आवाज जातो. टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर प्रकाश मारा. काजळीची काळी जीभ बाहेर आलेली दिसली, तर तिच्या जवळचा नट बघा. नट जागेवर दिसला तरी बोटाने हलवून बघा. कित्येकदा आत स्टड तुटलेला असतो आणि नट नुसता शोभेला असतो.

आता बाकीचे सात नट काढायचेत. शाबूत असलेले बोल्ट बहुतेक इथेच तुटतात. ८ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. वीस सेंटिमीटरच्या रिंग पान्याच्या टोकाला साडेबारा किलो जोर दिला की २५ होतात. पस्तीस-चाळीसच्या आसपास तो बोल्ट मान टाकतो. आता त्याच पान्याला साठ सेंटिमीटरचा पाइप अडकवा आणि तेवढाच जोर लावा, पंचाहत्तर झाले. पाइप लावणाऱ्याला वाटतं नट निघतोय. निघत नसतो, पिळला जात असतो. हाताला हे कळतं. गंज सुटतो तेव्हा ‘कर्र’ असा कोरडा आवाज येऊन पाना झटक्याने सरकतो. बोल्ट तुटायला आला की पाना गुळाच्या पाकासारखा मऊ फिरायला लागतो. तो मऊपणा जाणवला की तिथेच हात थांबवा, हवं तर पुन्हा आवळायच्या दिशेने अर्धा आटा फिरवा.

भिजवायला काय वापरावं यावर गॅरेजमध्ये वादच वाद. डब्ल्यूडी-४० प्रत्येकाच्या शेल्फवर असतं. पण ते १९५३ मध्ये अमेरिकेत बनलं ते धातूवरचं पाणी हटवण्यासाठी, आणि नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. वरवरच्या गंजाला ठीक आहे. जाम नटाला मी ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून लावतो. ॲसिटोन भडकतं आणि रंग खातं, म्हणून थेंबाथेंबाने, आणि त्या दिवशी तिथे वेल्डिंगचं नाव काढायचं नाही. पण मिश्रणापेक्षा वेळ महत्त्वाचा. आदल्या रात्री, इंजिन कोमट असताना लावा, नटाच्या तोंडावर हातोडीने दहा-बारा टिचक्या द्या, झोपायला जा. सकाळी पुन्हा तेच. गिऱ्हाईक ‘आत्ताच पाहिजे’ म्हणत असेल, तर त्याला एका नव्या स्टडची किंमत आणि हेड उतरवायची मजुरी शेजारी शेजारी लिहून दाखवा.

तरीही नट हलत नसेल तर नटाचा बळी द्या. बारीक चकती लावून ग्राइंडरने नटाच्या एका बाजूला चीर पाडा, स्टडच्या आट्यांना धक्का लागायच्या आत थांबा, मग चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका. नट उमलतो. स्टड वाचतो.

पहिली खेप

पहिल्यांदा पिकअप आली तेव्हा मॅनिफोल्ड उतरवल्यावर आठव्या जागी दहा-एक मिलिमीटर स्टड बाहेर उरलेला होता. असा तुकडा म्हणजे नशीब. व्हाइस ग्रिपने धरून बघितला, गोल घसरला. जास्त वेळ त्यात घालवायचा नसतो, कारण प्रत्येक घसरणीत तुकडा बारीक होतो. सरळ वेल्डिंगवर आलो.

पद्धत अशी. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला ठेवायची. वेल्डिंगची अर्थ हेडवरच, तुटलेल्या स्टडच्या जवळ पकडायची. चॅसीला पकडली तर करंट बेअरिंगमधून नाहीतर इंजिनाच्या वायरिंगमधून वाट काढतो. डिझेलच्या पाइपांवर ओलं गोणपाट टाकायचं, शेजारी वाळूची बादली. आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली: ब्रेक क्लीनरने जागा साफ करून लगेच वेल्डिंग करायचं नाही. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर त्या उष्णतेत त्याचा फॉस्जीन वायू होतो. तो जिवावर बेततो. डबीवर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर तारेच्या ब्रशने साफ करा.

१० मिलिमीटरचा काळा नट घ्यायचा. पांढरा चकचकीत, जस्त चढवलेला नको. जस्त जळून पांढरा धूर येतो, वेल्ड फुसका होतो आणि रात्री अंगात ताप भरतो. नट तुकड्यावर ठेवायचा, आतल्या पोकळीत तुकड्यापासून सुरुवात करून वेल्ड भरत नटाच्या कडेपर्यंत यायचं. जोडणीपेक्षाही इथे खरं काम उष्णता करते. स्टड लालबुंद होतो, फुगतो, आजूबाजूचा गंज चिरडतो आणि थंड होताना आक्रसतो. लाली गेली की मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग सतराचा पाना घालून थोडं आवळून, थोडं सोडून, पुन्हा आवळून. माझा पहिला वेल्ड तुटला. घाबरायचं काही कारण नाही, प्रत्येक वेल्डमागे एक तापवणं फुकट मिळतं. दुसऱ्या नटाला स्टड निघाला.

तुकडा अगदी पृष्ठभागाला लागून तुटला असेल तरी हे जमतं. आधी त्यावर वॉशर ठेवून मधून वेल्डचा ठिपका उंच करायचा, मग वॉशरवर नट. लोखंडी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, ही आपल्या सोयीची गोष्ट.

स्टड निघाला, बाजारातून आणलेला दुसरा बसवला, नवं पॅकिंग टाकलं, गाडी गेली. तासाभराचं काम. मॅनिफोल्ड उतरवताना नटासोबत आलेला स्टडचा बाहेरचा तुकडा मी गॅरेजच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. का टाकला कोण जाणे, सवय म्हणून. पुढे तोच उपयोगी पडला.

दुसरी खेप, आणि माझी चूक

पाच महिन्यांनी पावसाळ्यात मालक दारात उभा. "काय वो, परत तोच?" मी मॅनिफोल्ड उतरवेपर्यंत त्यानेच विचारलं. परत तोच. या वेळी हेडच्या पृष्ठभागाला लागून, सपाट तुटलेला.

मी शिकलो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. तिथे माझे जे वस्ताद होते त्यांची एक शिस्त होती. तुटलेला बोल्ट दिसला आणि कुणी ड्रिलकडे हात नेला की ते ओरडायचे, "तोंड बघिटलंस का त्येचं?" तोंड म्हणजे तुटलेला पृष्ठभाग. त्यावर बोल्ट का तुटला ते लिहिलेलं असतं, आणि तो आत किती घट्ट बसलाय तेही.

पान्याने पिळून तुटलेल्या बोल्टचं तोंड ताजं, राखाडी असतं आणि त्यावर पीळ दिसतो, ओला पंचा पिळावा तसा. असा बोल्ट गंजाने पकडलेला होता म्हणूनच तुटला, तेव्हा उरलेला तुकडा आत तितकाच घट्ट आहे असं धरून चालायचं. याउलट गाडी चालत असताना थकून तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा असतात. एका कडेपासून सुरू होऊन पसरत गेलेल्या, गुळगुळीत, बहुतेकदा काळपट. कारण तडा महिनाभर आधी पडलेला असतो आणि त्यात धूर आणि गंज शिरलेला असतो. फक्त शेवटचा बारीक भाग खरखरीत, ताजा. अशा बोल्टवरचा ताण तुटल्या क्षणी संपलेला असतो. तो आत ढिला असण्याची शक्यता मोठी.

आठव्या स्टडवर शिंपल्याच्या रेघा होत्या. मी मोबाइलमध्ये फोटो काढला. मग अणकुचीदार पंच तुकड्याच्या कडेजवळ तिरका धरून डावीकडे फिरेल अशा अगदी हलक्या टिचक्या दिल्या. चौथ्या टिचकीला तो फिरला. शेवटचे दोन आटे तर मी बोटाने काढले. पोऱ्या बघत होता, मी जरा फुशारलोच. नवा स्टड घातला, या वेळी थोडा जास्त आवळला. हीच ती चूक. स्टड थकून तुटला याचा अर्थ काहीतरी त्याला रोज हलवतंय. सहज निघाला याचा आनंद झाला आणि हलवतंय कोण हे विचारायचं राहून गेलं.

तिसरी खेप: आत अडकलेला इझी आउट

तिसऱ्या वेळी गाडी घाटाखाली बंद पडली नव्हती, पण आवाज इतका वाढला की मालकाने वाटेतल्या एका गॅरेजला दाखवली. तिथे मॅनिफोल्ड उतरवला, तुकडा चार मिलिमीटर आत तुटलेला होता, ड्रिल मारलं, इझी आउट (भोकात घालून उलटा फिरवायचा निमुळता, डाव्या आट्यांचा दांडा) घातला, आणि तो इझी आउट आतच तुटला. मग गाडी टोचन करून माझ्याकडे.

इझी आउटबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. त्याच्या नावात जो सोपेपणा आहे तो फक्त नावातच आहे. विचार करा. पूर्ण जाडीचा बोल्ट पान्याने फिरला नाही, तुटला. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांखालचा गाभा साडेसहाचा. त्याच्या पोटात भोक पाडून तुम्ही ४ मिलिमीटरचा इझी आउट घालता. पिळाला तोंड द्यायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे ४ चा दांडा साडेसहाच्या दांड्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. त्याचं पोलाद कितीही कडक असलं तरी हा हिशेब पूर्ण भरून निघत नाही, आणि कडक म्हणजे ठिसूळ. शिवाय निमुळता इझी आउट पाचरीसारखा बोल्टला आतून फुगवतो, म्हणजे बोल्ट आणखी घट्ट. ढिल्या तुकड्याला तो चालतो. गंजलेल्या तुकड्याला नाही. त्यापेक्षा डाव्या फिरकीचं ड्रिल बिट बरं. भोक पडतानाच बिट तुकड्याला सोडायच्या दिशेने ओढतं आणि कधीकधी निम्म्या भोकातच तुकडा बिटावर बसून बाहेर येतो. सगळ्या दुकानांत मिळत नाही, पण ३, ५ आणि ६ मिलिमीटरचं एकेक घेऊन ठेवा.

आत तुटलेला इझी आउट हायस्पीड ड्रिलने कापला जात नाही. बिट त्यावरून घसरतं आणि बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. इथेही तेच झालं होतं. भोक केंद्रापासून जवळजवळ दीड मिलिमीटर खाली सरकलेलं, एका बाजूचे आटे अर्धे खाल्लेले. उपाय तीन. ठिसूळ असल्यामुळे कधीकधी कडक पंचाने ठोकून त्याचे तुकडे होतात आणि सुईने निघतात. नाहीतर कार्बाइडचं बारीक बर (फिरून धातू झिजवणारं टोक) लावून दाणा दाणा झिजवायचा, हात न थरथरता. नाहीतर स्पार्क मशीन, ज्यात तांब्याच्या इलेक्ट्रोडने ठिणग्या पाडत धातू खाल्ला जातो आणि धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही. मात्र त्यासाठी हेड उतरवून मशीनवर न्यावं लागतं.

मी अर्धा दिवस बर चालवून बघितलं. आठव्या स्टडसमोर केबिनची भिंत. सरळ ग्राइंडर बसत नाही, आरशात बघून काम, आणि आरशात डावं उजवं होतं. दुपारी चहा पिताना ठरवलं, हेड उतरवायचं. मालकाला दोन दिवस जास्त लागतील म्हणून सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "पण या वेळी शेवटचं ना?"

हेड उद्यमनगरात गेलं. स्पार्कवर इझी आउट आणि तुकडा निघाला, भोक मिलिंगवर मूळ केंद्राला मोठं केलं आणि त्यात तारेचा इन्सर्ट बसवला, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. ८ मिलिमीटरच्या इन्सर्टला साधारण ८.३ चं ड्रिल आणि त्याचाच खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो, साधा ८ चा किंवा १० चा टॅप चालत नाही. चांगला बसवलेला स्टीलचा इन्सर्ट ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतो, तेव्हा ‘आटे मेले, हेड गेलं’ म्हणून डोक्याला हात लावायची गरज नाही.

ज्यांना हेड न उतरवता ड्रिल मारायचंय

सगळा खेळ केंद्राचा आहे. तुटलेलं तोंड खडबडीत असतं, बिट उताराकडे पळतं. म्हणून आधी बारीक बरने किंवा पंचाच्या टोकाने तोंड सपाट करा. सेंटर पंच मारण्याआधी समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. शाईचा ठिपका लावून दुसऱ्या माणसाला दाखवा, कारण आपल्या डोळ्याला आपली चूक दिसत नाही. ठिपका चुकला तर पंच तिरका धरून ढकलता येतो. भोक चुकलं तर ढकलता येत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे जिग, बिटाला वाट दाखवणारा साचा. मॅनिफोल्डच्याच भोकात बुश घालून तिच्यातून ड्रिल मारायचं असं बरेच जण सांगतात. मधल्या भोकांना ते चालेल, टोकाच्या भोकांना नाही. ती मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, आणि का ते पुढे येईल. त्याऐवजी लेथवाल्याकडून १० मिलिमीटर जाड पट्टी करून घ्या. तिच्यात तीन भोकं, दोन शाबूत स्टडांवर बरोबर बसणारी आणि तिसरं तुटलेल्या स्टडच्या केंद्रावर, ३ मिलिमीटरचं. पट्टी दोन नटांनी आवळली की बिटाला पळायला जागाच उरत नाही.

३ पासून सुरू, मग साडेचार, मग ६. बिट नवं हवं, कटिंग ऑइल हवं, आणि बिट मोठं होत जाईल तसा वेग कमी. ६ झाल्यावर केंद्र बरोबर आलं असेल तर सगळीकडे सारखी पातळ भिंत उरते. तिथे थांबा. बाजूच्या ॲल्युमिनियमला गॅसच्या बर्नरने शेक द्या. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं ॲल्युमिनियम, म्हणजे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. पण ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होऊन सावध करत नाही. घावण्यासाठी तवा तापला का बघायला पाणी शिंपडतात ना, तसं थेंब टाकून बघायचं. थेंब नाचला की बर्नर बाजूला. आता भिंत पंचाने आत दुमडता येते, आणि आट्यांची तार सुईने ओढून सेवयांसारखी बाहेर काढता येते. शेवटी ८ चा टॅप हाताने, ग्रीस लावून, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागे घेत. आटे गेलेच असतील तर मग इन्सर्ट.

हेडच्या पोर्टमध्ये, म्हणजे धुराच्या भोकांत, चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते कुठेतरी लिहून ठेवा. कीस टर्बोत गेला तर टर्बोच्या पंख्यांना नमस्कार. चुंबक लोखंडाचा कीस उचलेल, ॲल्युमिनियमचा नाही, त्याला व्हॅक्यूम लागतो. चष्मा घाला. हे लिहायची गरज नसावी, पण आमच्या पोऱ्याच्या भुवईवरचा व्रण बघून लिहितो.

६ मिलिमीटरचे बोल्ट, म्हणजे थर्मोस्टॅट हाउसिंगचे, वॉटर पंपाचे, यांना हेच सगळं लागू, फक्त माप लहान: १० न्यूटन-मीटरला आवळायचे आणि टॅपच्या आधीचं ड्रिल ५ चं. ते बहुतेक कूलंटऐवजी नुसतं पाणी घातल्याने गंजून धरलेले असतात. ग्लो प्लग (थंड इंजिनाला आतून ऊब देणारा प्लग) तुटला असेल तर मात्र घरी हात लावू नका. त्याचा कीस थेट सिलिंडरमध्ये जातो.

मग कारण काय होतं

हेड उद्यमनगरात असताना मी पत्र्याचा डबा उघडला. पहिला तुकडा होता, दुसऱ्याचा फोटो होता. पहिल्या खेपेला तोंड बघायचं राहिलंच होतं, ते आता भिंगाखाली धरलं. तिथेही शिंपल्याच्या रेघा, गंजाखाली पुसट. म्हणजे पहिल्यापासून तो थकूनच तुटत होता. आणि फोटोत रेघा सुरू होतात ती कड वरची. स्टडच्या वरच्या कडेला ताण येऊन तडा पडला, याचा अर्थ मॅनिफोल्डचं हे टोक कुणीतरी खाली ओढतंय.

आधी मॅनिफोल्ड तपासला. सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली. मागच्या टोकाला ०.६ मिलिमीटरचं पातं आरपार गेलं. वाकलेला. बिडाचा मॅनिफोल्ड घाट चढताना चार-साडेचारशे अंशांपर्यंत तापतो आणि हेड कूलंटमुळे शंभरच्या आत राहतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड तेवढ्यात पावणेदोन मिलिमीटर लांब होतो, हेड पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणजे प्रत्येक टोकाला साधारण अर्धा मिलिमीटर सरक. टोकाची भोकं मोठी ठेवतात ती यासाठी. मॅनिफोल्डला हेडवरून सरकता आलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला मी नट जास्त आवळून नेमकं ते सरकणं अडवलं होतं.

पण वाकलेला मॅनिफोल्ड खाली ओढत नाही. म्हणून डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा धुराचा पाइप) धरून मागे गेलो. इंजिनाचं हलणं सायलेन्सरपर्यंत जाऊ नये म्हणून मधे जी लवचिक जाळी असते, ती कधीतरी फाटली असणार. तिच्या जागी कुणीतरी सरळ पाइप वेल्ड करून टाकला होता. स्वस्तातला उपाय. तरीही पाइपाचं वजन मागच्या हँगरवर, म्हणजे पाइप चॅसीला टांगून धरणाऱ्या पकडीवर, पडायला हवं होतं. आणखी मागे सरकलो, टॉर्च वर केली. मागचा हँगर नव्हताच. त्याच्या जागी चॅसीला चिकटलेला गंजाचा पापुद्रा, बोट लावलं तर गळून पडला.

हौद्याच्या तळाला बरोबर तिथेच एक भोक आहे. मासळीवरचा बर्फ वितळून खारं पाणी दर रात्री, रत्नागिरी ते कोल्हापूर, त्या हँगरवर टपकत होतं. हँगर गेला, अख्खा सायलेन्सर सरळ पाइपावर लोंबला, पाइप टर्बोवर, टर्बो मॅनिफोल्डवर, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते सगळं वजन आठव्या स्टडवर. दुखणं इंजिनात दिसत होतं, आणि मूळ मागच्या चाकापाशी. तीन खेपांत मी एकदाही गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाखाली गेलो नव्हतो.

बसवताना

मॅनिफोल्डचं तोंड मशीनवर सपाट करून घेतलं. आठही स्टड नवे घातले. एकच बदलला तर जुने सात लांबून थकलेले आणि नवा एकटा ताठ, सगळा भार त्याच्यावर. स्टेनलेसचे बोल्ट आणायचा मोह होतो कारण गंजत नाहीत. पण बाजारातलं साधं स्टेनलेस ८.८ पेक्षा कमजोर असतं आणि त्याचे आटे तापल्यावर एकमेकांना चिकटतात. इंजिनाच्या मापाचे, एक्झॉस्टसाठी बनलेले स्टड घ्या. स्टड हेडमध्ये फक्त बोटाने, तळाला लागेपर्यंत. पाना लावायचा नाही. त्याआधी भोक कोरडं करा. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, धातू फुटतो. जॅकमध्ये असतं तेच तत्त्व.

आट्यांना निकेलची अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ लावली. ती लावली की आटे निसरडे होतात आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांचा आकडा पाचवा हिस्सा तरी कमी करतात. मॅन्युअलमध्ये काय धरलंय ते आधी बघा. नट मधून सुरू करून टोकांकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. टोकाचे नट सगळ्यात शेवटी. लवचिक जाळी नवी बसवली, हँगर नवा केला आणि त्याला रबर घातलं. डाउनपाइपचं टोक टर्बोला जोडण्याआधी मोकळं सोडून बघितलं, ते आपोआप टर्बोच्या तोंडासमोर येतं का. येत होतं. ओढून-ताणून बोल्ट घालावा लागला असता तर तो ताण पुन्हा कुठे गेला असता ते आता मला माहीत आहे.

आठवड्याने, इंजिन पूर्ण थंड असताना, नट पुन्हा तपासले. सात जागेवर होते, तिसऱ्याने जेमतेम अष्टमांश फेरा घेतला. आठवा हलला नाही.

मालकाने हौद्याच्या भोकाला प्लास्टिकचा पाइप लावून तो चाकाच्या मागे बाहेर काढलाय. परवा ऑइल बदलायला आला तेव्हा तो पाइप निसटून पुन्हा हँगरकडे वळला होता. मी तार घेऊन तो बांधला, आणि त्याने डब्यातला तो पहिला तुकडा मागून घेतला. म्हणाला, किल्लीला लावतो.